एका इंजिनाचे विमान आणि पेलाभर पाणी

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या गोव्यात 'पायलट' म्हटले की डोळ्यांसमोर विमान येत नाही, पिवळ्या मडगार्डाची भाड्याची मोटारसायकल आणि तिचा चालक येतो. विमानांच्या कामातून निवृत्त होऊन मी फोंड्याला परतलो, तेव्हा शेजारच्या आजींनी मला पहिला प्रश्न विचारला तो "तुझा स्टँड खंयचो रे?" असाच. मी पायलट कधीच नव्हतो, त्यांच्या अर्थानेही नाही आणि दुसऱ्या अर्थानेही नाही. मी विमाने दुरुस्त करणारा माणूस. पण आज ज्या विमानांविषयी बोलणार आहे, ती त्या मोटारसायकलीच्या बरीच जवळची आहेत. नाकावर एक पंखा, एकच इंजिन, दोन किंवा चार आसने आणि पोटात पेट्रोल. सेस्ना १७२ हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. हे विमान १९५५ मध्ये प्रथम उडाले आणि आजवर ४४ हजारांहून अधिक तयार झाली. दुसऱ्या कुठल्याही विमानाची एवढी संख्या नाही.

असे एखादे विमान पडले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'तांत्रिक बिघाडामुळे' हे दोन शब्द हमखास असतात. चौकशीला सुरुवातही झालेली नसते, पण बिघाड तांत्रिक असल्याचे बातमीदाराला ठाऊक असते. ज्याने आयुष्यभर यंत्रे सांभाळली, त्याला या वाक्याचा राग येणे स्वाभाविक आहे, आणि तो मला येतो. अमेरिकेत लहान विमानांच्या अपघातांची वर्षानुवर्षे छाननी होत आली आहे. तिच्यात सुमारे तीन-चतुर्थांश अपघातांचे मूळ यंत्रात नाही, तर विमान चालवणाऱ्याच्या निर्णयात किंवा हाताळणीत सापडते. आणि यंत्र थांबले म्हणावे, तरी पुष्कळदा ते मोडलेले नसते. त्याला पेट्रोल मिळालेले नसते. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढची सगळी हकिगत त्यावरच उभी आहे. इंजिन मोडलेले नसते, त्याला पेट्रोल मिळालेले नसते.

पेट्रोल न मिळण्याचे तीन प्रकार. पहिला म्हणजे टाकी रिकामी होणे, आणि तो आपल्याला स्कूटरवरून माहीत आहे. दुसरा अधिक विचित्र आहे. पेट्रोल असते, पण दुसऱ्या टाकीत. या विमानांच्या पंखांत डावी आणि उजवी अशा दोन टाक्या असतात, आणि कित्येक विमानांत एका टाकीवरून दुसरीवर जाण्यासाठी, जुन्या मोटारसायकलीच्या रिझर्व्हच्या कॉकसारखी, एक कळ फिरवावी लागते. प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी लाँग-ईझेड जातीचे छोटे विमान चालवताना समुद्रात कोसळून गेले. त्या विमानात ही कळ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेली होती. ती फिरवायला मागे वळताना त्यांचे लक्ष विचलित झाले, नकळत पायाखालचे पॅडल दाबले गेले आणि विमानाचा ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

तिसरा प्रकार म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी, आणि तो माझ्या स्वतःच्या हातून घडता घडता राहिला.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि घाटापलीकडच्या एका विमानप्रशिक्षण संस्थेत शिकाऊ मेकॅनिक म्हणून लागलो होतो. जुलैचे दिवस होते. हँगरमध्ये जागा नसल्यामुळे एक सेस्ना १५२, दोन आसनांचे विमान, तीन दिवस बाहेर पावसात उभे होते, आणि टाक्या अर्ध्याच भरलेल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला, ढग वर गेले, आणि ज्याचे उड्डाण सतत रद्द होत होते तो एक शिकाऊ वैमानिक पहाटेपासून येऊन बसला. त्याचे तास भरायचे राहिले होते, घरून फोन येत होते, आणि आम्ही दोघेही एकाच वयाचे असल्यामुळे त्याची घाई मला माझीच वाटू लागली होती.

उड्डाणापूर्वी प्रत्येक टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काढून पाहावे लागते. पंखाखाली एक बारीक व्हॉल्व असतो, त्याला पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्याची टाचणी टेकवून वर दाबले की पेल्यात धार लागते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी राहते, आणि आमटीवर तेलाचा तवंग जसा वेगळा दिसतो तशी दोघांमधली रेघ पेल्यात स्पष्ट दिसते. रेघ दिसली तर पाणी आहे, रेघ नाही तर पाणी नाही, एवढे मी पाठ केले होते. मी डाव्या पंखाखाली वाकलो, पेला भरला आणि हँगरच्या दारात ट्यूबलाइटखाली धरून पाहिला. रेघ नव्हती. कचरा नव्हता. मी हात वर करून सांगितले, "एकदम स्वच्छ."

आमचे मुख्य मेकॅनिक वयाने साठीला टेकलेले होते आणि सगळी संस्था त्यांना मामा म्हणत असे. ते चहाचा कप हातात घेऊन दारातच उभे होते. त्यांनी विचारले, "काय गोवेकर, किती स्वच्छ आहे?"

मी म्हणालो, "मामा, अगदी पाण्यासारखं."

मामांनी चहा खाली ठेवला, माझ्या हातातला पेला घेतला, नाकाशी नेला आणि परत माझ्यापुढे धरला. "मग पी. सकाळपासून राबतोयस, तहान लागली असेल."

श्रोतेहो, मला खरोखर काही कळले नाही. तेव्हा त्यांनी पेल्यातले चार थेंब माझ्या तळहातावर ओतले. पेट्रोल तळहातावर पडले की गार लागते आणि बघता बघता उडून जाते. हे थेंब तिथेच राहिले. ओले, जड, माझ्या हाताच्या रेषांमध्ये साचलेले. पेल्यात रेघ नव्हती, कारण पेल्यात पेट्रोलच नव्हते. पेला काठोकाठ पाण्याने भरलेला होता.

विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम रंग दिलेला असतो. आमच्याकडे वापरले जाणारे १०० लो-लेड हे पेट्रोल निळे असते. पण पेलाभर पेट्रोलची निळाई फिकी असते, ढगाळ सकाळी ट्यूबलाइटखाली ती सहज नजरेतून निसटते, आणि मी तर रंग पाहतच नव्हतो, रेघ शोधत होतो. टाकीच्या झाकणाचे रबरी वायसर उन्हाने तडकलेले होते, आणि तीन दिवसांचा पाऊस त्या फटीतून थेंबाथेंबाने आत गेला होता.

मामांनी बादली मागवली. पहिले पाच पेले पाणी. सहाव्यात रेघ. आठवा निळा. मी सुटकेचा श्वास सोडला, तर मामा पंखाच्या टोकाकडे गेले, दोन्ही हातांनी टोक धरून त्यांनी ते सावकाश वर-खाली हलवले, आणि मला म्हणाले, "आता काढ." त्या पेल्यात पुन्हा बोटभर पाणी आले. टाकीच्या कोपऱ्यांत दडून राहिलेले पाणी जागचे हलल्याशिवाय तळाच्या व्हॉल्वपर्यंत येत नाही.

तसेच उडाले असते तर काय झाले असते? इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले असते, कारण नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, काही मिनिटांपुरते चांगले पेट्रोल असते. विमान धावपट्टीपर्यंत गेले असते, उडालेही असते. आणि दोन-तीनशे फुटांवर, जिथे परत वळायला उंची नाही आणि सरळ पुढे धावपट्टी उरलेली नाही, तिथे पाणी इंजिनापर्यंत पोहोचले असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काय छापून आले असते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्या दिवशीचे उड्डाण मामांनी रद्द केले. शिकाऊ वैमानिक माझ्यावर आठवडाभर रुसला होता. आज तो मोठी प्रवासी विमाने चालवतो, आणि गोव्यात मोपा विमानतळावर उतरला की फोन करून आधी विचारतो, "काय गोवेकर, तहान लागली का?"

या हकिगतीने वेळ बराच खाल्ला, दरवेळी खाते. उरलेली कारणे त्यामुळे भरभर सांगतो, पण ती कमी महत्त्वाची आहेत असे कृपया समजू नका.

सर्वांत जास्त बळी घेणारे कारण म्हणजे विमानाचा ताबा सुटणे, आणि त्यातही 'स्टॉल'. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. कदंबच्या बसमधून लहानपणी आपण सर्वांनी हात बाहेर काढला आहे आणि कंडक्टरची बोलणी खाल्ली आहेत. तळहात थोडा तिरपा केला की वारा त्याला वर उचलतो, फार तिरपा केला की उचलणे संपते आणि वारा तो नुसता मागे ढकलतो. पंखाचे तेच होते. उतरण्यासाठी धावपट्टीकडे शेवटचे वळण घेताना विमान थोडे पुढे निघून गेलेले असते, वैमानिक ते अधिक कलवतो आणि नाक वर ओढतो. सरळ उडताना जे विमान ५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९३ किलोमीटर, वेगापर्यंत तग धरते, तेच उंची राखून ६० अंश कलून वळताना ७० नॉटलाच हात टेकते. जमिनीपासून पाचशे फुटांवर सावरायला जागा नसते. २३ जून १९८० रोजी दिल्लीत सफदरजंगजवळ संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना यांचे पिट्स विमान पडले, तेही कमी उंचीवर कसरती करताना.

दुसरे कारण ढग. डोळ्यांनी क्षितिज पाहून उडायला शिकलेला माणूस ढगात शिरला की तोल सांभाळणारा त्याचा कानच त्याला फसवतो, आणि वळत असताना आपण सरळ आहोत अशी त्याची खात्री पटते. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अशा २० जणांना बाहेरचे काही दिसू न देता विमान चालवायला लावले, आणि ताबा सुटेपर्यंत लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद भरला. तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. ढगच लागतो असेही नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री धूसर हवेत समुद्रावरून जाताना धाकटे जॉन केनेडी, म्हणजे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव, स्वतः विमान चालवताना असेच दिशाभूल होऊन पत्नी आणि मेहुणीसह कोसळले. अंधाऱ्या रात्री मिरामारच्या किनाऱ्यावर उभे राहून, ट्रॉलरचे दिवे कुठे संपतात आणि तारे कुठे सुरू होतात ते सांगून पाहा. पावसाळ्यात चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या माथ्यावर बसलेला ढग तर आत डोंगर घेऊनच बसलेला असतो.

जाता जाता एक तक्रार. बोगमाळोला नौदलाचे विमान संग्रहालय आहे आणि जुन्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून पूर्वी उडणारे, एकाच इंजिनाचे अलिझे विमान तिथे उभे आहे. आपल्या शाळांच्या सहली मात्र अजूनही किनाऱ्यावरच थांबतात.

काचेपलीकडून हात दाखवला जात आहे, म्हणून कार्ब्युरेटरमधल्या बर्फाचे एवढेच सांगतो. आपल्याकडे बर्फ कुठला, असे वाटेल. पण पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना कार्ब्युरेटरमधले तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकते. हवा गोव्यासारखी दमट असली की पंचवीस अंशांच्या दिवशीही, विशेषतः उतरताना इंजिन मंद केलेले असताना, आत बर्फ धरतो. त्यासाठी समोर एक कळ असते. ती ओढली की गरम हवा आत येते. बर्फ वितळून ते पाणी इंजिनातून जाते, म्हणून इंजिन सुधारण्याआधी काही क्षण अधिकच खडखडते, आणि घाबरलेला शिकाऊ कळ पुन्हा आत ढकलतो. ती ढकलू नये. तो खडखडाट म्हणजे बर्फ सुटू लागल्याची खूण असते. नमस्कार.