एका बेडमागे किती सिस्टर?

नमस्कार. ऐन संध्याकाळी, दादरच्या गर्दीतून वाट काढत तुम्ही आयसीयूतल्या सिस्टरांविषयी ऐकायला आलात, याचा मला मनापासून आनंद आहे. पत्रिकेवर विषय छापलाय ‘पुढच्या साथीची तयारी’. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी मनात साचलेलं थोडं बोलू द्या.

कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, आपण सगळे रोज आकडे वाचत होतो. महापालिकेच्या २४ वॉर्डांच्या वॉर रूममधून बेड मिळायचे. आयसीयूचे बेड किती, रिकामे किती, व्हेंटिलेटर किती, हे शाळकरी पोरालाही पाठ झालं होतं. बीकेसीच्या मैदानावर, वरळीच्या डोममध्ये, गोरेगावच्या नेस्कोत जम्बो केंद्रं उभी राहिली, तेव्हाही बातमी बेडांचीच होती. इतक्या थोड्या दिवसांत ते उभं करणं हे मोठंच काम होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण बेड म्हणजे काय? लोखंडी खाट, गादी आणि ऑक्सिजनचा पॉइंट. नळीत कफ अडकला की व्हेंटिलेटर ठणाणा करतो, पण कफ काही तो काढत नाही. कफ काढणारे हात त्या आकड्यांत कधी आलेच नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे प्रत्येक पाळीत एक सिस्टर, हे प्रमाण आपल्याकडे कागदावर जुनंच आहे. साथीत एकेकीकडे तीन-तीन, चार-चार पेशंट होते.

म्हणजे नेमकं काय झालं, हे कळायला एकच काम जवळून बघू. पेशंटला पालथं करणं.

फुप्फुस हे भिजलेल्या स्पंजासारखं समजा. माणूस पाठीवर पडून असला की पाणी आणि हृदयाचं वजन पाठीकडच्या भागावर येतं, तो भाग मिटतो. फुप्फुसाचा मोठा हिस्सा नेमका तिकडेच असतो आणि रक्तही तिकडे भरपूर जातं, पण त्याला हवा भेटत नाही. पालथं केलं की तो भाग हळूहळू उघडतो. २०१३ साली मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या एका चाचणीचे निकाल आले. फुप्फुसं गंभीर निकामी झालेल्या रुग्णांना सलग किमान १६ तास पालथं ठेवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. औषध नाही, नवं यंत्र नाही, माणूस फक्त उलटा केला.

फक्त म्हणते मी, पण तो करायचा कसा? घशात नळी, नाकातून पोटात जाणारी रायल्स ट्यूब, मानेत औषधांची सेंट्रल लाइन, मनगटात बीपी दाखवणारी आर्टिरियल लाइन, खाली लघवीची नळी. पाच माणसं तरी लागतात, देह जड असेल तर सात. तासभर आधी फीड, म्हणजे नळीतून जाणारं अन्न, बंद करून पोट रिकामं करायचं. डोळ्यांत मलम घालून पापण्या मिटवून चिकटपट्टी लावायची, नाहीतर बुबुळाला जखम होते. घशातली नळी ओठापाशी किती आकड्यावर आहे, २१ की २२ सेंटिमीटर, ते मोठ्याने वाचून चार्टवर लिहायचं. तोंड आणि नळी आधीच सक्शन करून, म्हणजे कफ-लाळ ओढून काढून, घ्यायची आणि ऑक्सिजन १०० टक्क्यांवर न्यायचा. बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं काढायचं आणि दोघींच्या सहीने नोंदवायचं. ती नोंद राहिली, तर पुढे घरच्यांना तोंड देणं अवघड होतं.

मग छाती आणि ओटीपोटावर उशा ठेवायच्या, पोट मोकळं. एक चादर अंगाखाली, एक वर. दोन्हींच्या कडा एकत्र धरून अंगालगत घट्ट गुंडाळत आणायच्या. करंजीला मुरड घालताना सारण बाहेर येऊ नये म्हणून जशी बोटं चालतात, अगदी तसं. मुरड सैल राहिली तर पेशंट वळताना चादरीत घसरतो. डोक्याशी उभा असतो तो नळी धरतो आणि हुकूमही त्याचाच. तीन म्हटल्यावर व्हेंटिलेटरपासून लांबच्या कडेला सरकवायचं, पुढच्या तीनला व्हेंटिलेटरकडे तोंड करून कुशीवर, त्यापुढच्या तीनला पालथं. लगेच छातीवरचे इलेक्ट्रोड पाठीवर, नळीचा आकडा पुन्हा वाचायचा, दोन्ही बाजूंना छाती सारखी हलते का बघायचं. नळी आत सरकली की उजव्याच फुप्फुसात हवा जाते. बाहेर आली, तर पालथ्या माणसाला पुन्हा नळी घालणं किती कठीण, ते सांगायला नको.

आणि इथे काम सुरू होतं. तोंड एका बाजूला, त्याच बाजूचा हात वर, दुसरा अंगालगत, पोहणाऱ्यासारखं. दर दोन तासांनी बाजू बदलायची, नाहीतर खांद्यातले मज्जातंतू ताणतात, गाल, कपाळ आणि हनुवटीवर जखमा होतात. (सभागृहात काही जण माना वळवून बघतात.) बघा, आत्ताच किती माना वळल्या! आता त्याच बाजूला दोन तास बसा. १६ तासांत आठ वेळा हे, दर वेळी निदान तिघांचं काम. एकटीकडे असे चार पेशंट असतील, तर ती त्या पाळीत बाकी काय करणार?

बाकी काय, तेही ऐका. बीपी टिकवणारं नॉरअॅड्रेनलिन पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजमधून पंपाने जातं. तासाला दहा मिलिलिटर वेग असेल तर पाच तासांत संपतं. शरीरात ते जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतं, म्हणून नवी सिरिंज संपायच्या आधीच भरून दुसऱ्या पंपावर तयार हवी. एका पेशंटला चार पंप, चार पेशंटना सोळा, आणि प्रत्येकाची संपायची वेळ वेगळी. अनुभवी सिस्टरला ही वेळापत्रकं तोंडपाठ असतात, चर्चगेटहून सुटणाऱ्या गाड्या पाठ असणाऱ्यांसारखी. आठवड्यापूर्वी मेडिसिन वॉर्डातून आयसीयूत आणलेल्या मुलीला ती कुठून पाठ असणार? आधीच्या पाळीकडून ओव्हर घेताना तिच्या डोळ्यांत भीती दिसायची ती याचीच. भित्रेपणा नव्हता तो.

हे सगळं पीपीई किटमध्ये, मुंबईच्या मे महिन्यात. संसर्ग पसरू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी एसी बंद. गॉगलवर वाफ धरते, मग सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. दोन हातमोज्यांतून शीर बोटाला लागत नाही. नळी बांधायची चिकटपट्टी पेशंटच्या गालाऐवजी मोज्यालाच चिकटते, सोडवायला गेलं की मोजा फाटतो. डोक्यावरच्या हुडमुळे अलार्म कुठल्या बेडचा ते कळत नाही. चेहरे दिसत नाहीत म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचं. सहा-सात तास पाणी नाही, बाथरूम नाही, मासिक पाळी आली तरी तसंच. आणि सगळ्यात धोक्याचं काम शेवटी, अंगातलं त्राण संपल्यावर: किट उतरवणं. बाहेरचे मोजे, मग अंगातला सूट आतून बाहेर गुंडाळत, मग गॉगल मागच्या पट्टीने, आणि मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर येऊन, पुढच्या भागाला हात न लावता. प्रत्येक टप्प्याला हात स्वच्छ करायचे. थकलेला हात आपसूक चेहऱ्याकडे जातो. म्हणून उतरवताना समोर दुसरं कुणीतरी मोठ्याने क्रम सांगणारं हवं. मनुष्यबळ अपुरं पडलं की पहिलं तेच माणूस काढून घेतलं जायचं.

ऑक्सिजनचंही सांगते. जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. मास्कवर मिनिटाला १५ लिटर दिला तर पावणेआठ तास. नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लो मशीनवर मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजन दिला तर दोन तासही नाही. एप्रिल २०२१ मध्ये पुरवठा अडचणीत आला म्हणून महापालिकेला सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण रातोरात हलवावे लागले. हा भागाकार डोक्यात ठेवूनच अशा पेशंटबरोबर अँब्युलन्समध्ये बसावं लागतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. म्हणजे आता छापलेला विषय.

हिशेब मांडा. एक बेड, एक सिस्टर, किटमध्ये सहा तासांची पाळी. दिवसाला चार पाळ्या, आठवड्याला २८. एक सिस्टर आठवड्याला सहा पाळ्या करते, म्हणजे पावणेपाच जणी. रजा, आजारपण धरा, पाच. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी जितके दिवस ड्यूटी तितकेच दिवस विलगीकरण होतं, म्हणजे दहा. एका बेडला दहा. दहा बेडांचा आयसीयू जाहीर करताना शंभर सिस्टर कुठून येणार, हे त्याच कागदावर लिहायला हवं. मुंबईच्या खासगी रुग्णालयांचा मोठा भार मल्याळी मुलींवर आहे. त्यातल्या अनेक जणी साथीत गावी परतल्या, आणि जून २०२० मध्ये केरळातूनच डॉक्टर-सिस्टरांचं पथक इथे मदतीला बोलवावं लागलं.

तेव्हा माझी मागणी एवढीच. रोजच्या तक्त्यात ‘रिकामे बेड’ या रकान्याशेजारी ‘या पाळीत हजर आयसीयू-प्रशिक्षित सिस्टर’ असा रकाना असावा, आणि तो शून्य असेल तर बेड रिकामा म्हणून दाखवू नये. दुसरं, वॉर्डातल्या सिस्टरांना दर वर्षी दोन आठवडे आयसीयूत पाळी द्यावी: सक्शन, पंप बदलणं, पालथं करणं, एवढंच, पण हाताने. तिसरं, मनुष्यबळ कमी पडेलच, तेव्हा पेशंट वाटून देऊ नयेत, कामं वाटावीत. पालथं करणारं एक पथक बेडाबेडाने फिरेल, एक जोडी फक्त पंप पाहील, आणि नवख्या दोघींमागे एक जुनी सिस्टर राहील. हुडमधून ऐकू येत नाही, म्हणून हातांच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात. चौथं, घरच्यांना रोज ठरलेल्या वेळी फोन जावा, आणि तो करणारं माणूस वेगळं असावं. पंप वाजत असताना सिस्टरच्या हातात फोन देऊ नये.

दुसरी चिठ्ठी आली. थांबते. मागच्या टेबलावर दोन चादरी आणि तीन उशा ठेवल्यात. करंजीची मुरड ज्यांना करून बघायचीय त्यांनी चहा झाल्यावर तिकडे यावं. पाच जण लागतील, आणि पेशंट व्हायला एक.