लिंकनची दाढी आणि आयुष्याचा पट

नमस्कार मंडळी! आजची गोष्ट एका दाढीपासून सुरू होते. दाढी अब्राहम लिंकनची, आणि तिनं गोत्यात आणलेला माणूस म्हणजे मिल्टन ब्रॅडली.

साल 1860. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफिल्ड. तेविशीतल्या ब्रॅडलीनं नुकताच शिळाछापखाना टाकलेला. लिंकन निवडणुकीला उभे होते, म्हणून त्यानं त्यांचं चित्र छापलं, गुळगुळीत दाढी केलेलं. भराभर खपलं. तेवढ्यात 11 वर्षांच्या एका मुलीनं लिंकनना पत्र लिहिलं, दाढी ठेवा, छान दिसाल. आणि त्यांनी खरंच ठेवली! चित्र घेतलेले लोक पैसे परत मागायला लागले. उरलेला गठ्ठा ब्रॅडलीनं जाळून टाकला.

छापखाना रिकामा, हातात काम नाही. अशा वेळी त्यानं एक खेळ आखला, 'चेकर्ड गेम ऑफ लाइफ'.

[छापील पट कॅमेऱ्यासमोर धरत]

हे बघा. बुद्धिबळासारखी 64 घरं. या खालच्या कोपऱ्यात 'बाल्य', तिथून निघायचं. वर पलीकडच्या कोपऱ्यात 'सुखी म्हातारपण', त्याचे 50 गुण. पण नुसतं तिथं पोचून भागत नाही, जिंकायला 100 लागतात. वाटेत शाळा, कॉलेज, लग्न, तुरुंग. 'जुगार'वर पाय पडला की थेट 'सर्वनाश'.

त्या काळी तिथल्या सोवळ्या घरांत फासे म्हणजे जुगार. म्हणून त्यानं फाशांऐवजी भिंगरी दिली, सहा कोनांचा पुठ्ठा आणि मधोमध काडी. आता खरी गंमत ऐका. सापशिडीत दान पडेल तसं जायचं, डोकं चालवायला वावच नाही. इथे समजा 4 पडले, तर वर किंवा खाली, एक घर किंवा दोन. कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं! नशीब भिंगरीचं, निवड तुमची. दाढीनं पोळलेल्या माणसाला हे सुचावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काही शे पट घेऊन तो न्यूयॉर्कला गेला, दोन दिवसांत सगळे संपले. वर्षभरात खप 45,000. यादवी युद्धात त्यानं सैनिकांसाठी खिशात मावणारे खेळ काढले. पुढे 1869 मध्ये, अमेरिकेत बालवाडीचा प्रसार करणाऱ्या एलिझाबेथ पीबॉडी यांचं बालवाडीवरचं भाषण ऐकलं आणि तो त्या कामात बुडूनच गेला. मुलांसाठी रंग, ठोकळे, रंगीत कागद. नफ्यातोट्याकडे न बघता, 1911 मध्ये जाईपर्यंत त्याचा जीव त्यातच होता.

1960 मध्ये, शंभरीच्या निमित्तानं, ब्रॅडलीच्या कंपनीनं 'गेम ऑफ लाइफ' नव्यानं आणला. त्यात सगळा हिशेब पैशांचा. जिंकलात तर लक्षाधीशांच्या वस्तीत, हरलात तर दरिद्र्यांच्या शेतावर.

आणि ब्रॅडलीच्या पटावर? हे बघा, 'बाल्य'च्या अगदी जवळ 'गरिबी'चं घर आहे. तिथं पोचलात तर किती गुण जातात? एकही नाही. पेटंटच्या कागदात त्यानं कारणही दिलंय: गरिबीमुळे माणसाचं नुकसानच होतं असं नाही.