टेकडीवरचे भाडेकरू

नमस्कार, श्रोतेहो.

ब्रीच कँडीच्या फुटपाथवर भल्या पहाटे रांगेत कोण कोण उभं राहिलंय, त्यांनी मनातल्या मनात हात वर करावा. २०११ पर्यंत अमेरिकेच्या व्हिसासाठी भुलाभाई देसाई मार्ग गाठावा लागे. टॅक्सीवाल्याला मात्र ‘वॉर्डन रोड’च सांगायचं. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आलेली मुलं, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया आणि प्रत्येकाच्या छातीशी कवटाळलेली प्लास्टिकची फाइल. आपण शिरतोय ते घर वांकानेरच्या महाराजांचं होतं, हे त्या धाकधुकीत कोण बघतो! १९५७ साली अमेरिकेनं ते घेतलं, ९९९ वर्षांच्या करारानं, आणि नाव दिलं लिंकन हाउस. हजारातली जेमतेम चोपन्न वर्षं झाली आणि वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. २०१५ मध्ये ७५० कोटींना सौदा ठरला, पण जमिनीच्या हक्कावरून तो वर्षानुवर्षं अडकला.

हे घर क्लॉड बॅटली यांनी आखलं होतं. सर जे. जे. स्कूलमध्ये वास्तुकलेच्या कितीतरी विद्यार्थ्यांना त्यांनी घडवलं. त्यांनीच आखलेलं दुसरं घर इथून फार लांब नाही. केम्प्स कॉर्नरहून मलबार हिल चढायची, म्हणजे भाऊसाहेब हिरे मार्ग लागतो. मुख्यमंत्र्यांचा ‘वर्षा’ बंगला याच भागात. तिथेच झाडांच्या आड आहे ‘साउथ कोर्ट’. आपण त्याला जिना हाउस म्हणतो.

१९३६ च्या सुमारास बॅरिस्टर जिनांनी ते हौसेनं बांधून घेतलं. इटालियन संगमरवर, अक्रोडाच्या लाकडाचं काम. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी जवळच्याच बिर्ला हाउसमधून रोज इथे बोलणी करायला येत. अठराएक दिवस हे चाललं आणि त्यातून काहीही निघालं नाही. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

फाळणी झाली. जिना कराचीला गेले, पण जीव मुंबईच्या घरात अडकलेला. तिकडे श्रीप्रकाश हे भारताचे उच्चायुक्त होते. जिनांनी त्यांच्यामार्फत नेहरूंना विनवलं, की घर सरकारजमा करू नका, भाड्यानं द्या, आणि द्यायचंच तर एखाद्या युरोपीय कुटुंबाला द्या. ज्या माणसानं देश वेगळा मागून घेतला, त्यानं मागे राहिलेल्या घरासाठी भाडेकरूची निवड सांगावी! मला यात राजकारणापेक्षा घरमालकच जास्त दिसतो. एखाद्या चाळमालकानंही हेच म्हटलं असतं, ‘माणसं नीटनेटकी हवीत हो.’

१९४८ मध्ये जिना गेले. घर ब्रिटिश उच्चायोगाकडे आलं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे त्यांचे उपउच्चायुक्त राहिले. नंतर दार बंद झालं ते झालंच. जिनांची कन्या दीना वाडिया यांनी २००७ मध्ये उच्च न्यायालयात हक्क मागितला. पाकिस्तानलाही तिथे वकिलात हवी होती. २०१७ मध्ये दीनाबाई वारल्या, आणि त्यानंतर वर्षभरानं घर परराष्ट्र मंत्रालयाकडे सोपवायचं ठरलं.

म्हणजे एकाच वास्तुरचनाकाराची दोन घरं. दोन्हींत परदेशी पाहुणे आले, आणि पाहुणे उठून गेल्यावर दोन्हींना कुलूप. भाव विचारू नका, पण राहायला कुणी नाही.

त्या श्रीप्रकाशांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. १९५६ च्या अखेरीस ते मुंबई राज्याचे राज्यपाल झाले, आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले. मुक्काम राजभवनात, म्हणजे त्याच मलबार हिलच्या टोकाला. जिनांचा निरोप ज्यांनी दिल्लीला पोचवला, तेच आता त्या घराचे शेजारी होते. आणि साउथ कोर्टमध्ये तेव्हा राहत होते ब्रिटिश. जिनांना हवे होते तसे, युरोपीय भाडेकरू.

नमस्कार.