कड साडेपाच सेंटिमीटरवर

थंडीतली सकाळ. जॉगिंग ट्रॅकवर कानटोप्या घातलेली मंडळी फेऱ्या मारतायत. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. इथे रणजीचे सामने होतात, पण नाशिककराच्या तोंडी हे गोल्फ क्लबच.

नेटमध्ये एक पोरगा लांबून धावत येतो, चेंडू टाकतो आणि लगेच विचारतो, "सर, किती होता?"

म्हणजे स्पीड. फलंदाज चकला की नाही, ते नंतर.

त्याला तरी काय बोलणार? गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेला. त्या चेंडूला सीमच, म्हणजे टाक्यांची उंच शिवणच, नाही, तर सीमवर पाडणार काय? जोरात टाकायचा, नाहीतर थेट पायाशी पडणारा यॉर्कर. आता हातात चामड्याचा सीझन बॉल आलाय. वजन साधारण १६० ग्रॅम, मधोमध टाक्यांच्या सहा ओळी. सगळी गंमत त्या ओळींत आहे.

सीम स्लिपकडे, म्हणजे कीपरशेजारच्या क्षेत्ररक्षकांकडे, जरा कलती धरली, तर त्या बाजूची हवा टाक्यांना अडखळते, घुसळते आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. चेंडू सीमच्या रोखाने वळतो, हाच स्विंग. पण वेग साधारण ताशी १४० किलोमीटरच्या पुढे गेला, की गुळगुळीत बाजूची हवाही घुसळू लागते आणि हा स्विंग ओसरतो. म्हणजे जोर वाढवून स्विंग वाढत नाही, उलटंच होतं.

आणि चेंडू वळून वळून वळायला हवा तरी किती? बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर. मधोमध घ्यायला निघालेला चेंडू साडेपाच सेंटिमीटर सरकला, की बॅटची कड लागते आणि मागे झेल उडतो. हातभर वळला तर कीपर टाळ्या वाजवतो, आणि धावफलक जिथल्या तिथे.

मग वेग कशाला? तर ते सरकणं उशिरा कळावं म्हणून. १४० चा चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो. १२० चा त्याहून सेकंदाचा जेमतेम बारावा भाग उशिरा. पण तेवढ्यात चांगला फलंदाज बॅट वळवून घेतो.

नुसता वेग मात्र खेळता येतो. २००३ च्या विश्वचषकात केपटाउनला पाकिस्तानच्या शोएब अख्तरने ताशी १६१.३ किलोमीटरचा चेंडू टाकला. इंग्लंडच्या निक नाइटने तो लेगला खेळून काढला. विकेट नाही, काही नाही.

याउलट आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला, श्रीरामपूरचा झहीर खान. आला तेव्हा त्याच्या वेगाची चर्चा. २००६ मध्ये इंग्लंडात वूस्टरशरकडून काउंटी खेळला, रन-अप, म्हणजे धावत येण्याचं अंतर, आखूड केला, आणि पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिज कसोटीत ९ बळी. कसोटी कारकिर्दीत ३११. मला विचाराल तर तो हळू झाल्यावरच जास्त धोकादायक झाला.

नेटमध्ये सरांनी आता अर्धा लाल, अर्धा पांढरा चेंडू दिलाय. सीम सरळ गेली तर दोन रंग वेगळे दिसतात, डगमगली तर सगळं गुलाबी.

पोरगा पळत येतो. गुलाबी.

"अरे, खांदा नको लावूस. मनगट मागे ठेव."

पुन्हा गुलाबी. तो चेंडू उचलतो, पँटला घासतो आणि मार्ककडे चालू लागतो. या वेळी स्पीड विचारायचं विसरलाय.