न झालेल्या दंगलीचे श्रेय

कॅनडाची राजधानी ओटावा. ससेक्स ड्राइव्हवरची ही जुनी इमारत विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी दप्तरखान्यासाठी बांधली गेली आणि पुढे कित्येक वर्षे तिथे देशाचे युद्ध संग्रहालय होते. संग्रहालय २००५ साली नव्या वास्तूत गेले. मे २०१७ मध्ये या जुन्या वास्तूचे दरवाजे पुन्हा उघडले, ते ‘ग्लोबल सेंटर फॉर प्लुरलिझम’ या संस्थेसाठी. इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू आगा खान आणि कॅनडा सरकार यांनी मिळून उभारलेल्या या संस्थेने त्याच वर्षी पहिला जागतिक बहुलता पुरस्कार दिला. वेगवेगळे समाज एकत्र नांदावेत म्हणून झटणाऱ्यांसाठी हा पुरस्कार. मानकरी तिघे, प्रत्येकाला ५०,००० कॅनेडियन डॉलर.

गायकाची पारख मैफलीत होते, धावपटूची घड्याळावर. परंतु एखाद्या गावात दंगल झालीच नाही, तर ती न झाल्याचे श्रेय कोणाच्या नावावर मांडायचे, हा अशा पुरस्काराच्या परीक्षकांपुढचा खरा पेच असतो. त्यामुळे आलेल्या प्रस्तावांची छाननी झाल्यावर केवळ कागदांवर विसंबून चालत नाही. मोजक्या कामांची जाणकारांकडून प्रत्यक्ष जागेवर पाहणी होते, आणि त्यानंतरच आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळ निर्णयाला बसते. पहिल्या वर्षी या मंडळाचे अध्यक्ष होते कॅनडाचे माजी पंतप्रधान जो क्लार्क.

त्या वर्षीच्या तिघांपैकी एक, कोलंबियाचे लेनर पालासिओस. अत्रातो नदीकाठचे बोहाया. २ मे २००२ रोजी फार्क या डाव्या सशस्त्र संघटनेचे बंडखोर आणि त्यांच्या विरोधातल्या निमलष्करी टोळ्या यांच्या गोळीबारापासून जीव वाचवण्यासाठी गावकरी चर्चमध्ये जमले होते. फार्कने डागलेला गॅस सिलिंडरचा बॉम्ब नेमका त्या छतावर पडला. लहान मुलांसह कितीतरी माणसे जागीच गेली. त्यातून वाचलेल्या पालासिओस यांनी पीडितांची समिती बांधली, सरकार आणि फार्क यांच्यातील शांतता वाटाघाटींत पीडितांची बाजू मांडली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये फार्कच्या नेत्यांनी बोहायात येऊन गावाची माफी मागितली. माफी मागणारे एका बाजूला आणि ती ऐकून घ्यायला जमलेले गाव दुसऱ्या बाजूला. पालासिओस यांचे काम या दोहोंमधल्या अंतरातले, आणि असे अंतर कोणत्याही अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

केनियाच्या अॅलिस न्देरितू यांचे काम दाखवणे याहूनही कठीण. २००७-०८ च्या निवडणूक हिंसाचारानंतर नाकुरू परिसरातील जमातींच्या वडीलधाऱ्यांना समोरासमोर बसवणाऱ्या मध्यस्थांपैकी त्या एक. बोलणी वर्षाहून अधिक काळ चालली, २०१२ मध्ये करार झाला, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत तिथे आधीसारखा रक्तपात झाला नाही.

मात्र मुळात नाव पाठवायचे कोणी, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते निम्मी निवड तिथेच होऊन जाते. युनेस्कोच्या सहिष्णुता व अहिंसेसाठीच्या मदनजीत सिंग पुरस्काराला स्वतःचे नाव स्वतः सुचवता येत नाही. सदस्य देशांची सरकारे किंवा युनेस्कोशी संलग्न संस्थाच ते सुचवू शकतात. प्रसिद्धीलोलुपांना आवर घालायला हा नियम ठीक आहे, पण जो कार्यकर्ता आपल्याच सरकारला खटकतो, त्याच्यासाठी दोनपैकी एक दार बहुधा बंदच राहते. तरीही याच पुरस्काराने १९९८ मध्ये, म्हणजे भारत आणि पाकिस्तान या दोघांनी अणुचाचण्या केल्या त्याच वर्षी, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचे चिरंजीव, शांतिसैनिक नारायण देसाई आणि पाकिस्तानातील लोकहक्कांसाठी झगडणारी संयुक्त कृती समिती यांना एकत्र गौरवले होते.

पालासिओस यांना २०२० च्या जानेवारीत जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच वर्षी ते कोलंबियाच्या सत्यशोधन आयोगाचे सदस्य झाले. २०१७ मध्ये निर्णयाला बसलेल्या परीक्षकांना यातले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते.