तांबड्या समुद्रातील केबल आणि मुंबईचे इंटरनेट

श्रोतेहो, नमस्कार.

६ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियातील जेद्दाजवळ तांबड्या समुद्राच्या तळावरील काही केबल तुटल्या आणि भारत, पाकिस्तान व संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेट मंदावले. घातपाताची शंका लगेच घेतली गेली. पुढे मात्र एखाद्या व्यापारी जहाजाचा फरफटत गेलेला नांगर कारणीभूत असावा, असे जाणकारांनी सांगितले. त्यात नवल नाही. जगभरात दरवर्षी दीडशे ते दोनशे वेळा अशा केबलमध्ये बिघाड होतो आणि त्यांतील बहुतेक बिघाडांच्या मुळाशी नांगर किंवा मासेमारीची जाळी असतात. शार्क केबल चावतात ही गोष्ट आपल्याकडे फार चवीने सांगितली जाते, पण त्यांचा वाटा नगण्य आहे.

खंडाखंडांतील जवळपास सगळी माहिती उपग्रहांतून नव्हे, तर या केबलमधून जाते. खोल समुद्रातील केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. तिच्या गाभ्यात केसासारखे काचेचे तंतू असतात आणि प्रकाश वाटेत क्षीण होत असल्यामुळे ठरावीक अंतरावर तो पुन्हा तेजस्वी करणारी उपकरणे बसवलेली असतात, ज्यांना किनाऱ्यावरून हजारो व्होल्ट दाबाने वीज पुरवावी लागते. किनाऱ्याजवळ मात्र केबलवर पोलादी तारांचे चिलखत चढवतात आणि ती तळात पुरतात, कारण धोका उथळ पाण्यातच अधिक असतो.

एखादी केबल तुटली तरी इंटरनेट सहसा बंद पडत नाही. माहिती दुसऱ्या वाटेने वळवली जाते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे वाट दहा हजार किलोमीटरने लांबली, तर जाऊन येण्यात सेकंदाचा दहावा भाग जादा लागतो. चित्रपट पाहणाऱ्याला तो जाणवणारही नाही, पण परदेशी ग्राहकाच्या संगणकावर थेट काम करणाऱ्या पुण्यातील अभियंत्याला प्रत्येक कळ दाबताना तो खुपतो. शिवाय वळवलेली सगळी वाहतूक उरलेल्या केबलवर आली की तिथेही कोंडी होते.

दुरुस्तीचे काम मला विलक्षण वाटते. केबलमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडून त्याचे परावर्तन किती वेळाने येते यावरून बिघाडाचे अंतर काढतात. मग जहाज तिथे जाऊन तळावरून लोखंडी आकडा ओढत नेते, केबलचे एक टोक वर काढून बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला, बांधून ठेवते, दुसरे टोक शोधते आणि मधे केबलचा जादा तुकडा घालून एकेक तंतू जोडला जातो. हवामान बरे असेल तर हे काम काही दिवसांत उरकते. खरा वेळ जातो तो जहाज यायला आणि परवानग्या मिळायला. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधील हूथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने निकामी झालेले ‘रुबीमार’ हे जहाज बुडण्यापूर्वी नांगर टाकलेल्या अवस्थेत वाहत गेले आणि त्याच सुमारास तांबड्या समुद्रातील तीन केबल तुटल्या. येमेनमधील यादवीमुळे त्यांच्या दुरुस्तीला काही महिने लागले.

याच चिंचोळ्या वाटेवर आपण इतके विसंबून का, याचे उत्तर भूगोलात आहे. भारत आणि युरोप यांच्यामधली जवळची सागरी वाट तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेली बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी आणि इजिप्त यांमधून जाते. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली, तीही पुढे तांबड्या समुद्रातूनच सुएझला जाऊन मिळाली.

आता फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीने तांबडा समुद्र टाळून अमेरिका, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि भारत यांना जोडणारी पन्नास हजार किलोमीटरहून लांब केबल जाहीर केली आहे. ती हवीच. पण वाटा वाढवून आपल्या किनाऱ्यावरची गर्दी हटत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली नोंदवले होते की देशात सतरा आंतरराष्ट्रीय केबल केवळ पाच शहरांत उतरतात. त्यांत मुंबई आणि चेन्नईवर मोठा भार आहे आणि मुंबईतल्या बऱ्याचशा केबल वर्सोव्याच्या छोट्याशा पट्ट्यात किनाऱ्याला लागतात, जिथून मासेमारीच्या नौकाही रोज ये-जा करतात. दुरुस्तीसाठी भारतीय ध्वजाची जहाजे असावीत, अशीही शिफारस प्राधिकरणाने केली होती. माझ्या मते नव्या केबलच्या घोषणांपेक्षा या शिफारशीकडे आधी लक्ष द्यायला हवे, कारण आजही आपल्या पाण्यात केबल तुटली तर दुरुस्तीचे जहाज परदेशी बंदरातून निघण्याची वाट पाहावी लागते.