निकालाचं शेवटचं पान

२८ जून २०१२. वॉशिंग्टन. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा निकाल लागतो. सीएनएन आणि फॉक्स या दोन बड्या वाहिन्या काही मिनिटांतच सांगून मोकळ्या होतात, की विमा घेण्याची सक्ती रद्द झाली. टीव्हीवर ते वाचून खुद्द ओबामांनाही क्षणभर तसंच वाटलं.

सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी आधी लिहिलं होतं, की व्यापाराचं नियमन करण्याच्या अधिकारात ही सक्ती बसत नाही. कर लावण्याच्या अधिकारात ती बसते, हे त्यापुढच्या पानांवर होतं. तिथवर या दोन वाहिन्या थांबल्याच नाहीत. कायदा टिकला होता.

अशा निकालपत्रांवर न्यायमूर्तींखेरीज आणखीही काही हात फिरलेले असतात. लॉ क्लार्कचे हात. आपल्याकडे कोर्टातला क्लार्क म्हटलं की फायली सांभाळणारा कारकून डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. कायद्याची पदवी घेऊन फार दिवस झालेले नाहीत, अशी ही हुशार मुलं-मुली साधारण वर्षभरासाठी न्यायमूर्तींच्या हाताखाली येतात. १८८२ मध्ये न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी स्वतःच्या खिशातून पगार देऊन असा मदतनीस ठेवला, तिथून ही प्रथा रुजली. आज तिथं प्रत्येक न्यायमूर्तींकडे चारेक क्लार्क असतात. हजारो अर्जांतले ऐकण्याजोगे कोणते, याचं टिपण ते काढतात. जुने निवाडे धुंडाळतात, युक्तिवादातली फट दाखवतात आणि पुष्कळदा निकालाचा पहिला मसुदाही लिहितात. भारतातही सर्वोच्च न्यायालयात आणि अनेक उच्च न्यायालयांत लॉ क्लार्क नेमले जातात.

निर्णय अर्थातच न्यायमूर्तींचा. कुठलं वाक्य आधी कुणी लिहिलं, हे बाहेर कळत नाही, आणि मला वाटतं, कळूही नये. न्यायमूर्तींना आपलं मत तपासून बदलता आलं पाहिजे, आणि ते बंद दाराआडच जमतं.

१९७३ मध्ये हे दार किलकिलं झालं. गर्भपाताच्या हक्काचा 'रो विरुद्ध वेड' हा खटला. एका क्लार्कनं 'टाइम' साप्ताहिकाच्या वार्ताहराला पार्श्वभूमी सांगितली, निकाल लागल्यावरच छापायचं या समजुतीवर. निकाल लांबला आणि अंक काही तास आधी बाजारात आला. क्लार्कनं राजीनामा देऊ केला. त्याच्या न्यायमूर्तींनी तो घेतला नाही. २०२२ मध्ये तोच हक्क काढून घेणाऱ्या निकालाचा अख्खा मसुदा 'पोलिटिको'नं २ मे रोजी छापला. न्यायालयानं आपल्याच माणसांची चौकशी केली, क्लार्कांचीही. मसुदा कुणी फोडला, हे जानेवारी २०२३ च्या अहवालातही निष्पन्न झालं नाही.

छापणाऱ्याला मी दोष देत नाही. पण क्लार्कनं तोंड बंद ठेवावं असं म्हणायचं, तर वार्ताहरासाठी सुनावणीचं दार सताड उघडं हवं.

मुंबई उच्च न्यायालयात एकदा तेच अडलं. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या संपादकांवरच्या बदनामीच्या दाव्यात एक साक्षीदार म्हणाला, माझी साक्ष छापून आली तर धंद्याला फटका बसतो. ती छापू नये, असा तोंडी आदेश न्यायमूर्ती तारकुंडे यांनी दिला. 'ब्लिट्झ'चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६६ मध्ये नऊपैकी आठ न्यायमूर्ती त्यांच्या विरोधात गेले. न्यायाधीशाच्या आदेशानंही मूलभूत हक्क मोडू शकतो आणि त्यावर दाद मागता येते, असं म्हणणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला एकटे पडले. मला त्यांचंच पटतं.

पुढे वारं बदललं. २०२१ मध्ये, करोनाच्या लाटेतल्या प्रचारसभांवरून मद्रास उच्च न्यायालयानं निवडणूक आयोगाला तोंडी फटकारलं. त्याच्या बातम्या रोखा, अशी मागणी आयोगानं केली. सर्वोच्च न्यायालयानं ती मानली नाही. सुनावणीतले उद्गार लोकांपर्यंत पोचवणं हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरला.

मात्र मद्रासचे ते जहाल शब्द लेखी आदेशात नव्हतेच. न्यायालय काय बोललं आणि न्यायालयानं काय ठरवलं, या दोन वेगळ्या बातम्या. म्हणून जाणता वार्ताहर सुनावणीची वही मिटत नाही. आदेश संकेतस्थळावर चढेपर्यंत थांबतो, आधी शेवटचं पान उघडतो, आणि मग पहिल्या पानापासून वाचायला बसतो.